वार्धक्यातील अखेरचा काळ आणि कुटुंबाशी संवाद : नेसरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

नेसरी हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते एका मरणामुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि नेसरीच्या खिंडीत धारातीर्थी पडले. या मरणाविषयी बोलताना मराठी भाषेला शब्दांची वानवा कधीच भासली नाही. परंतु त्याच नेसरीत, किंबहुना गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड या तालुक्यांतील कोणत्याही गावात, माजघरातील खाटेवर महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या मरणाविषयी बोलण्याची वेळ आली की घर गप्प होते. कोणी विषय काढलाच तर 'अभद्र बोलू नये' असे म्हणून त्याला थांबवले जाते. डॉक्टर सूचक बोलतात, नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्या वृद्धाला कोणी काही विचारत नाही.

वृद्धांच्या अखेरच्या काळात कुटुंबाशी कोणी, केव्हा व कसे बोलावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे, की हा संवाद म्हणजे मृत्यूच्या दारात एकदाच सांगायची वाईट बातमी नव्हे. तो वृद्ध स्वतः बोलू शकतो आहे तोवर सुरू व्हावा लागतो. तसे झाले नाही तर निर्णयाचे ओझे अशा नातेवाइकांवर पडते, ज्यांना वृद्धाची इच्छा ठाऊक नसते, आणि ते ओझे पुढे अनेक वर्षे उतरत नाही.

२. मरणाचे बदललेले स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार भारताच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात या आकड्यांना आणखी एक बाजू आहे. येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि पुढे मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत, कार्यालयांत गेले. गावी शेती, घर आणि आईवडील राहिले. परिणामी सेवा करणारी माणसे गावात आणि निर्णय घेणारी माणसे शहरात अशी विभागणी अनेक घरांत झाली आहे.

दुसरा बदल आजारांचा आहे. साथीच्या रोगाने किंवा तापाने चार दिवसांत माणूस जाण्याचे दिवस मागे पडले. वार्धक्यातील उतरणीचे वैद्यकशास्त्रात ढोबळमानाने तीन मार्ग मानले जातात. कर्करोगात प्रकृती बराच काळ टिकून असते आणि शेवटच्या काही आठवड्यांत झपाट्याने ढासळते. हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंड निकामी होत असताना रुग्ण वारंवार गंभीर होतो, सावरतो, पण प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा एक पायरी खाली उतरलेला असतो. स्मृतिभ्रंशात आणि निव्वळ जराजर्जर अवस्थेत ही घसरण वर्षानुवर्षे संथपणे चालू राहते. तिसऱ्या प्रकारात 'आता शेवट जवळ आला' असे सांगणारा ठळक क्षण बहुधा येतच नाही. म्हणूनच उपशामक सेवेतील डॉक्टर स्वतःला एक साधा प्रश्न विचारतात : 'हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला, तर आपल्याला आश्चर्य वाटेल का?' उत्तर 'नाही' असे आले, तर कुटुंबाशी बोलण्याची वेळ झाली आहे, असे समजावे. मृत्यूची तारीख वर्तवणे हा या प्रश्नाचा हेतू नाही. बोलणे लांबणीवर पडू नये, एवढाच त्याचा उपयोग.

३. 'घरी न्या, सेवा करा'

नेसरी परिसरातील रुग्णाचा प्रवास सामान्यतः गावातील डॉक्टर, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि तेथून कोल्हापूर किंवा बेळगावचे मोठे रुग्णालय असा होतो. या प्रवासाच्या शेवटी अनेक कुटुंबांच्या कानी एक वाक्य पडते : 'आता घरी न्या, सेवा करा.' हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या मनात बहुधा करुणाच असते. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, यंत्रांमुळे केवळ यातना लांबतील, तेव्हा माणसाने आपल्या माणसांत राहावे, असा त्याचा आशय असतो.

ऐकणाऱ्यापर्यंत मात्र तो आशय त्याच रूपात पोहोचतोच असे नाही. एका नातेवाइकाला वाटते, डॉक्टरांनी हात टेकले. दुसऱ्याला वाटते, पैसे संपले हे ओळखून बाहेर काढले. तिसऱ्याच्या मनात आशा असते, की घरी सेवा केली तर माणूस उठून बसेल. त्यातच अनेकदा 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' अशा मजकुराच्या कागदावर सही घेतली जाते. कायद्याच्या धास्तीपोटी घेतलेली ही सही मुलाच्या मनात 'बापाला मीच घरी आणून मारले' असे शल्य ठेवून जाते. शिवाय या वाक्यात नेमकी सेवा कोणती, याचा उल्लेख नसतो. दुखणे वाढले तर कोणते औषध द्यावे, धाप लागली तर काय करावे, शय्याव्रण कसे टाळावेत, रात्री कोणाला फोन करावा, या प्रश्नांची उत्तरे न घेताच कुटुंब घरी परतते.

याच ठिकाणी पॅलिएटिव्ह केअर म्हणजेच उपशामक सेवेचे महत्त्व ध्यानात येते. लंडन येथे १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि मरणासन्न माणसाची वेदना ही शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी समग्र असते, हा विचार मांडला. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे उपशामक सेवा केंद्र कार्यरत आहे. केंद्र शासनाने २०१२ मध्ये उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकावरील जाचक परवाना-पद्धती २०१४ च्या कायदादुरुस्तीने सुलभ केली. 'आता काही करण्यासारखे उरले नाही' हे विधान या शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. बरे करण्यासारखे काही उरलेले नसतानाही त्रास कमी करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते.

४. निर्णय कोणाचा?

भारतीय कुटुंबात वैद्यकीय निर्णय सहसा एकट्याचा नसतो, तो घराचा असतो. यात गैर काही नाही. अडचण उद्भवते ती 'घर' म्हणजे कोण, हे न ठरल्यामुळे. रात्री-अपरात्री अंथरूण बदलणारी सून किंवा वृद्धाची पत्नी हिला त्याच्या प्रकृतीची सर्वांत बारीक माहिती असते. परंतु डॉक्टर बोलतात ते घरातील थोरल्या पुरुषाशी, आणि तो पुष्कळदा फोनवर असतो.

१९९१ साली अमेरिकेतील वृद्धवैद्यकाच्या एका नियतकालिकात या घटनेला 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असे नाव दिले गेले. जवळ राहणाऱ्या नातेवाइकांनी आणि डॉक्टरांनी शांतपणे ठरवलेली दिशा, दुरून अचानक आलेले अपत्य 'सर्व उपचार करा' असा आग्रह धरून बदलून टाकते, असे तिचे स्वरूप. आपल्याकडे कॅलिफोर्नियाच्या जागी मुंबई घातली की चित्र पुरे होते. रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा वडिलांना सहा महिन्यांनी पाहतो. त्याला बसलेला धक्का आणि जवळ नसल्याची टोचणी यांतून 'कोल्हापूरला हलवा, व्हेंटिलेटर लावा' हा आग्रह जन्मतो. त्याला दोष देऊन काही साधत नाही. त्याला आधीपासून, दर महिन्याला, प्रकृतीतील प्रत्येक घसरणीची खरी माहिती देत राहणे हाच यावरचा उपाय आहे. 'बरे आहेत, काळजी करू नको' या मायेपोटी बोललेल्या असत्याची किंमत शेवटच्या रात्री सर्वांनाच मोजावी लागते.

वृद्धाला आजाराचे खरे स्वरूप सांगू नये, तो खचेल, असाही आग्रह घरोघरी असतो. त्यामागील जिव्हाळा खरा असला, तरी बहुतेक वृद्धांना आपली अवस्था उमगलेली असते. 'पिकले पान कधी तरी गळायचेच' असे ते बोलूनही दाखवतात. ऐकणाराच विषय बदलतो. मग घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून वृद्ध गप्प राहतो, आणि वृद्धाला वाईट वाटू नये म्हणून घरचे.

हे मौन म्हणजे आपली परंपरा, असेही म्हणता येत नाही. नेसरीच्या सीमेपलीकडील बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना व्रत घेऊन देह ठेवला. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजात या व्रताची परंपरा जुनी आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये ही प्रथा बेकायदेशीर ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबा भावे यांनी अन्न व औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. धार्मिक व्रत, वैराग्यपूर्ण प्रायोपवेशन आणि रुग्णालयातील उपचारांविषयीचा निर्णय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ करू नये. तथापि या उदाहरणांत एक सूत्र समान आहे. ज्याचा देह होता त्याने आपली इच्छा उघडपणे सांगितली होती आणि भोवतालच्या माणसांनी ती ऐकून घेतली होती.

५. संवादाच्या पायऱ्या

वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी मांडली. ती जगभर शिकवली जाते. येथील कुटुंबांचा विचार करता तिचे स्वरूप पुढीलप्रमाणे होईल.

पहिली पायरी जागेची. वऱ्हांड्यात उभ्याउभ्या बोलू नये. सर्वांनी बसावे, मोबाईल बाजूला ठेवावेत आणि सेवा करणाऱ्या स्त्रीला आवर्जून बोलवावे. दूरच्या मुलाला त्याच वेळी फोनवर घ्यावे, म्हणजे एकच गोष्ट सर्वांच्या कानी एकाच वेळी पडते.

दुसरी पायरी समज जाणून घेण्याची. 'आतापर्यंत डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितले आहे?' या प्रश्नाने सुरुवात केली की गैरसमज आपोआप पुढे येतात.

तिसरी पायरी परवानगीची. 'आजाराविषयी सगळे सविस्तर ऐकायला आवडेल, की थोडक्यात सांगू?' असे वृद्धालाही विचारता येते. 'मला नको, थोरल्याला सांगा' असे त्याने म्हटले तर तो त्याचा निर्णय ठरतो. न विचारता त्याला वगळणे आणि विचारून त्याचा नकार मानणे यांत मोठा फरक आहे.

चौथी पायरी माहितीची. ती सोप्या मराठीत, थोडी थोडी द्यावी. 'क्रिटिकल', 'मल्टिऑर्गन' यांसारख्या शब्दांनी भीती वाढते, बोध होत नाही. 'हृदयाची ताकद फार कमी झाली आहे. औषधांनी ती परत येणार नाही. दिवस थोडे असावेत असे वाटते' हे बोलणे कठीण असले तरी स्पष्ट आहे. 'देवाच्या हाती आहे' एवढ्यावर थांबणे म्हणजे स्पष्ट बोलण्याचे टाळणे होय.

पाचवी पायरी भावनांना जागा देण्याची. माहिती दिल्यावर रडणे येईल, राग येईल, कोणी डॉक्टरवरच संतापेल. त्या क्षणी आणखी माहिती देणे व्यर्थ असते. थोडा वेळ गप्प बसणे, पाणी देणे, 'हे ऐकणे सोपे नाही' एवढेच म्हणणे पुरेसे असते.

सहावी पायरी पुढील योजनेची. येथे प्रश्नाची मांडणी फार महत्त्वाची ठरते. 'तुम्हाला व्हेंटिलेटर लावायचा आहे का?' असा प्रश्न मुलाला विचारला, तर 'नको' म्हणणे त्याला पितृहत्येसारखे वाटते. त्याऐवजी 'आबा स्वतः बोलू शकले असते, तर काय म्हणाले असते?' असे विचारावे. मग घर आठवू लागते. शेजारी कोणी महिनाभर नळ्यांवर राहून गेले, तेव्हा आबा काय म्हणाले होते, हे कोणाला तरी स्मरते. निर्णय मुलाच्या खांद्यावरून उतरून पुन्हा आबांकडे जातो. घराने फक्त त्यांचा निरोप पोहोचवायचा असतो.

६. अन्न, पाणी आणि अपराधभाव

शेवटच्या दिवसांत कुटुंबाला सर्वाधिक छळणारा प्रश्न अन्नाचा असतो. 'चार दिवस झाले, अन्नाचा कण पोटात नाही' हे वाक्य आपल्याकडे आरोपासारखे उच्चारले जाते. ज्या समाजात खाऊ घालणे हेच प्रेमाचे पहिले रूप आहे, तेथे माणूस उपाशी गेला ही कल्पनाच असह्य होते. म्हणून नाकातून नळी घालण्याचा किंवा सलाईन लावण्याचा आग्रह धरला जातो.

येथे वैद्यकीय वस्तुस्थिती सांगणे हाच मोठा दिलासा आहे. मरणासन्न शरीराची अन्नाची गरज आणि भूक दोन्ही मंदावतात. माणूस खात नाही म्हणून मरत नसतो, तर शरीर मिटत चालले आहे म्हणून तो खात नसतो. अशा वेळी बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. जास्तीच्या सलाईनमुळे अंगावर सूज आणि छातीत पाणी वाढू शकते. त्याउलट ओठ व जीभ ओल्या कापसाने वारंवार ओलावणे, मागितल्यास चमचाभर पाणी किंवा पेज देणे, कूस बदलणे, पाठ पुसणे ही सेवा रुग्णाला खरोखर सुखावते. मुखी गंगाजल आणि तुळशीपत्र घालण्याच्या रिवाजात ओठ ओलावण्याचे हेच मर्म आहे. घरघर लागली की आवाज ऐकणाऱ्याला भयंकर वाटतो. पण घशात साचलेल्या स्रावांमुळे होणाऱ्या त्या आवाजाची जाणीव रुग्णाला त्या अवस्थेत बहुधा नसते. या गोष्टी आधी सांगितलेल्या असतील, तर घर घाबरत नाही आणि मध्यरात्री गाडी शोधत धावत नाही.

७. कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवरील निकालात सन्मानाने मरणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्रास, ज्याला लिव्हिंग विल म्हटले जाते, मान्यता दिली. मूळ प्रक्रिया इतकी किचकट होती की ती प्रत्यक्षात येणे दुरापास्त होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुटसुटीत केली.

त्यानुसार सज्ञान व सुबुद्ध व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष लेखी इच्छापत्र करू शकते. त्यावर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी लागे. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात नमूद करता येते आणि एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात. बरे होण्याची आशा नसलेला रुग्ण निर्णयक्षम उरला नाही, तर रुग्णालयातील प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर दुय्यम मंडळ मत देते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे. कृत्रिम उपचार काढून घेण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावे लागते. इच्छापत्र नसल्यास जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रक्रिया होते. विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे मात्र पूर्वीप्रमाणेच गुन्हा आहे. उपचार न लांबवणे आणि जीव घेणे यांतील हा भेद कुटुंबांना स्पष्ट करून सांगितला पाहिजे.

इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवण्याची तरतूद आहे. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी या प्रश्नी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला आणि महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात मे २०२४ मध्ये या व्यवस्थेचा प्रारंभ झाला, तेव्हा न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. कर्नाटकच्या आरोग्य विभागाने जानेवारी २०२५ मध्ये यासंबंधी परिपत्रक काढले. उपचारांसाठी बेळगाव गाठणाऱ्या नेसरी परिसरातील कुटुंबांच्या दृष्टीने ही बाब विशेष उपयुक्त आहे.

८. वृद्धाश्रम आणि 'आपली माणसे'

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणविषयक २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. वृद्धाश्रमात या संवादाला वेगळे वळण मिळते. तेथे रोजची सेवा करणारी माणसे रक्ताची नसतात आणि रक्ताची माणसे रोज तेथे नसतात. मग वृद्धाच्या वतीने कोणी बोलावे?

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातून आले. परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या क्रूर हल्ल्यानंतर सुमारे ४२ वर्षे तेथे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणे थांबवावे, अशी लेखिका पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्या कर्मचाऱ्यांना त्या जगाव्यात असे वाटत होते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. या निकालाशी मतभेद असू शकतो, पण सेवेतून नाते निर्माण होते आणि त्या नात्याचा आवाज ऐकावा लागतो, हे त्यातून मान्य झाले. त्याचबरोबर एक उणीवही ठळक झाली. ज्यांच्याविषयी दोन्ही बाजू बोलत होत्या, त्यांना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते.

म्हणून वृद्धाश्रमात प्रवेश देताना आणि पुढे दरवर्षी काही प्रश्नांची उत्तरे वृद्धाच्या शब्दांत नोंदवून ठेवावीत. प्रकृती गंभीर झाल्यास रुग्णालयात जायचे की येथेच राहायचे? आपल्या वतीने कोणाशी बोलावे? शेवटी कोण जवळ असावे? अंत्यविधी कसा व कोठे व्हावा? ही नोंद नातेवाइकांनाही कळवावी. मृत्यूनंतर काही दिवसांनी संस्थेने कुटुंबाला फोन करून शेवटचे दिवस कसे गेले ते सांगावे. दूर असलेल्या मुलाला या एका फोनचा जो आधार वाटतो, तो अंत्यविधीच्या खर्चाच्या पावतीने मिळत नाही.

९. समारोप

केरळमध्ये २००१ च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यातून पसरलेल्या लोकाधारित उपशामक सेवेने दाखवून दिले, की थोडे प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक मरणासन्न माणसाच्या घरी नियमित जाऊ शकतात. २००८ साली त्या राज्याने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरणही स्वीकारले. ग्रामीण महाविद्यालयांना यातून दिशा मिळू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना शय्याव्रणाची काळजी, तोंडाची स्वच्छता आणि ऐकून घेण्याची रीत ग्रामीण रुग्णालयाच्या साहाय्याने शिकवता येईल. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि मराठी या विभागांना आजार, वेदना व निरोप यांविषयी लोक प्रत्यक्षात वापरतात त्या शब्दांचा संग्रह करता येईल. सीमाभागातील कन्नड-मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तो मोलाचा ठरेल. वैद्यकीय इच्छापत्राचा सोपा मराठी नमुना तयार करून ग्रामसभेत वाचून दाखवणे हेही महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे.

तथापि या विषयाचा खरा प्रारंभ कोणत्याही उपक्रमातून होणार नाही. प्राध्यापकवर्गापैकी अनेकांचे आईवडील आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ते बोलू शकतात, ऐकू शकतात आणि बहुधा कोणीतरी विचारील म्हणून वाटही पाहत असतात. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत सारी भावंडे गावी एकत्र येतात, तेव्हा एखाद्या संध्याकाळी सोप्यात बसून त्यांना विचारता येईल : 'उद्या तब्येत फार बिघडली, तर आम्ही काय करावे असे तुम्हाला वाटते?' पहिल्या वेळी कदाचित विषय टाळला जाईल. दुसऱ्यांदा उत्तर मिळेल. ते उत्तर सर्व भावंडांनी एकत्र ऐकलेले असणे, हीच पुढच्या कठीण रात्रीची सर्वांत मोठी तयारी होय.